पीडीएफमधलं चित्र ऐकू यावं म्हणून

मागच्या एप्रिलमधली दुपार. आमच्या गल्लीतल्या सरांचा फोन आला. "भाऊ, जरा येता का? तुम्हीच केलेली पुस्तिका ऐकून राहिलो. मधेच काहीतरी गळून राहिलं."

सरांनी उभी हयात शाळेत गणित शिकवलं. काचबिंदूने नजर गेली, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या लॅपटॉपवर एनव्हीडीए नावाचं सॉफ्टवेअर आहे. पडद्यावर जे असेल ते हे सॉफ्टवेअर बोलून दाखवतं. त्याच्या भरवशावर सर वर्तमानपत्रापासून पेन्शनच्या कागदांपर्यंत सगळं स्वतः वाचतात. पुस्तिका उन्हाळ्याची होती. नागपूरच्या उन्हात बाहेर पडताना काय काळजी घ्यावी, ऊन लागलं तर काय करावं. एका संस्थेसाठी मी तिची मांडणी केली होती. महाल भागात डीटीपीचं काम करायला लागून मला २० वर्षं झाली, आणि ही पुस्तिका माझ्या आवडीच्या कामांपैकी एक होती. मजकूर कमी, चित्रं भरपूर. कुणालाही पाहताक्षणी कळावी अशी.

सरांनी पान लावलं. आवाज बोलू लागला: "जलसंजीवनी घरी कशी करावी. ग्राफिक. ग्राफिक. ग्राफिक. हे पाणी २४ तासांच्या आत संपवावं."

तीन ग्राफिक म्हणजे तीन चित्रं. पहिल्यात एक लिटर पाण्याचं भांडं, दुसऱ्यात साखरेचे सहा चमचे, तिसऱ्यात मिठाचा अर्धा चमचा. आकडे चित्रांतच बसवलेले, कारण पान तसं देखणं दिसत होतं. सर म्हणाले, "२४ तासांत संपवायचं हे कळलं. काय संपवायचं ते नाही कळलं."

पानावरचं सगळ्यात महत्त्वाचं तेवढंच त्यांच्यापर्यंत पोचलं नव्हतं. तिथून मी हा विषय शिकायला लागलो, आणि माझ्यासारखं काम करणाऱ्या, शाळेत प्रश्नपत्रिका काढणाऱ्या, ऑफिसात परिपत्रकं टाइप करणाऱ्या सगळ्यांसाठी तो इथे मांडतो आहे.

चित्राला जोडलेलं, डोळ्यांना न दिसणारं पण वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला सापडणारं वर्णन म्हणजे पर्यायी मजकूर. आमच्या धंद्यात नुसतं ऑल्ट म्हणतात. कळमन्याच्या बाजारात बंद पेटी उघडून कुणी पाहत नाही. वरची चिठ्ठी वाचतात आणि आत कोणता माल, किती माल ते कळतं. ऑल्ट ही चित्राची चिठ्ठी. चिठ्ठी नसली की सरांच्या हातात नुसती बंद पेटी येते, आणि आवाज म्हणतो, ग्राफिक.

ही चिठ्ठी पीडीएफमध्ये नेमकी कुठे असते, हे समजलं की पुढच्या निम्म्या अडचणी आपोआप सुटतात. पीडीएफ १९९३ साली ॲडोबीने आणली ती छपाई डोळ्यासमोर ठेवून. फाइल कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडा, पान तसंच दिसलं पाहिजे, ही तिची सगळी धडपड. त्यामुळे तिच्या पोटात नोंद असायची ती अशी: पानाच्या अमुक जागी अमुक अक्षर ठेव, तमुक जागी हे चित्र ठेव. यातलं शीर्षक कोणतं, परिच्छेद कुठे संपला, आधी डावा रकाना वाचायचा की उजवा, हे फाइलला स्वतःला ठाऊकच नसायचं. डोळस माणूस ते पाहून ओळखतो. आवाजाने वाचणाऱ्याला ते कुणीतरी सांगावं लागतं. म्हणून २००१ मध्ये, पीडीएफच्या १.४ आवृत्तीबरोबर, टॅग आले. टॅग म्हणजे पानामागची अदृश्य यादी: हे शीर्षक, हा परिच्छेद, हा तक्ता, हे चित्र, आणि वाचायचं या क्रमाने. चित्राच्या टॅगला फिगर म्हणतात आणि ऑल्ट त्या टॅगच्याच खिशात बसतो.

म्हणजे टॅग नसतील तर ऑल्टला बसायला जागाच नाही. मूळ वर्ड फाइलमध्ये तुम्ही कितीही मन लावून वर्णन लिहिलेलं असो, पीडीएफ करताना टॅग गळले की ते वर्णनही गळतं. हे कसं होतं ते पुढे सांगतो, कारण आपल्याकडे रोज होतं.

आता मुख्य गोष्ट, लिहायचं काय. सुरुवातीला मी चित्रात जे दिसतं ते सगळं लिहून काढत होतो. सरांनी दोन पानं ऐकली आणि थांबवलं. "तुम्ही चित्र सांगून राहिले. मला ते इथं कशाला आहे ते सांगा." शाळेत पेपर तपासण्यात जन्म गेलेला माणूस, त्यांनी नेमकं बोट ठेवलं. ऑल्ट चित्रावरून ठरत नाही, त्या पानावर चित्राचं काम काय आहे त्यावरून ठरतो.

झिरो माइलचा फोटो घ्या. विधानभवनाजवळचा तो वालुकाश्माचा खांब आणि त्याच्याजवळचे चार घोडे, नागपूरकराला वेगळं सांगायला नको. हा एकच फोटो तीन पीडीएफमध्ये तीन कामं करू शकतो. शहराच्या इतिहासाच्या पुस्तिकेत असेल तर ऑल्ट असा हवा: "झिरो माइल स्मारक: वालुकाश्माचा उभा खांब आणि त्याच्या बाजूला झेपावणाऱ्या चार घोड्यांचे पुतळे." तिथे वाचकाला वास्तू कशी आहे हेच हवं आहे. तोच फोटो मोर्चाच्या सूचनापत्रकात जमायची खूण म्हणून टाकला असेल, तर घोड्यांचं काही काम नाही. "जमण्याची जागा: झिरो माइलचा खांब, विधानभवनाजवळ" एवढं पुरे, आणि जवळचं मेट्रो स्थानक झिरो माइल फ्रीडम पार्क आहे हे मजकुरात लिहिलं तर आणखी चांगलं. तिसरी पीडीएफ म्हणजे एखाद्या कंपनीचा वार्षिक अहवाल, ज्यात नागपूर शाखेच्या पानावर शोभेला म्हणून मागे फिकट झिरो माइल छापलेला आहे. तिथे ऑल्ट लिहायचाच नाही.

लिहायचाच नाही, हे ऐकून अनेकांना धक्का बसतो. मलाही बसला होता. पण सरांच्या शेजारी बसून एक निमंत्रणपत्रिका ऐकली तेव्हा पटलं. कोपऱ्यातली वेलबुट्टी, मधली नक्षीदार रेघ, चार तोरणं, दोन कलश. प्रत्येक ठिकाणी आवाज थांबतो, ग्राफिक म्हणतो, पुढे जातो. पाच ओळींची पत्रिका ऐकायला दुप्पट वेळ लागला आणि मुहूर्ताची वेळ त्या गोंधळात हरवली. अशा चित्रांना सजावट म्हणून नोंदवायचं असतं. पीडीएफच्या भाषेत त्याला आर्टिफॅक्ट म्हणतात. तशी नोंद झाली की आवाज ते चित्र न सांगता ओलांडून जातो. मात्र रिकामं सोडणं आणि सजावट म्हणून नोंदवणं यात फरक आहे. नुसतं रिकामं सोडलं तर सॉफ्टवेअरला कळत नाही की लिहायचं राहिलं की मुद्दाम लिहिलं नाही, आणि ते ग्राफिक म्हणतच राहतं.

आलेख आणि नकाशे यांच्याशी सगळ्यात जास्त झटावं लागतं. आमच्या पुस्तिकेत महिनावार तापमानाचा आलेख होता. त्याला मी आधी "तापमानाचा आलेख" असा ऑल्ट दिला. याने कुणाचंच भलं होत नाही. तो आलेख आहे हे कळलं, आलेख काय म्हणतो ते राहिलंच. मग दुसऱ्या टोकाला जाऊन बारा महिन्यांचे बारा आकडे ऑल्टमध्ये कोंबले. तेही चुकलं. ऑल्ट एका दमात वाचला जातो. त्यात परिच्छेद नाहीत, रकाने नाहीत, मधल्या मेच्या आकड्यावर परत यायची सोय नाही. शेवटी ऑल्टमध्ये आलेखाचा निष्कर्ष लिहिला: "कमाल तापमानाचा रेषालेख. मार्चपासून चढत जाऊन मे महिन्यात सर्वाधिक, जूनमध्ये पाऊस सुरू झाल्यावर उतरतं. आकडे खालच्या तक्त्यात." आणि आकड्यांचा खराखुरा तक्ता आलेखाखाली दिला. तो तक्ता आता डोळस लोकही वापरतात, कारण आलेखाच्या रेषेवरून मेचा आकडा ४३ की ४४ हे कुणालाच नीट ओळखता येत नव्हतं.

नकाशाचंही तसंच. संत्र्याच्या पट्ट्याबद्दलच्या पीडीएफमध्ये नागपूर जिल्ह्याचा नकाशा असेल, तर १४ तालुक्यांच्या सीमा कशा वळतात हे सांगून काय उपयोग? "नागपूर जिल्ह्याचा नकाशा, संत्र्याचे तालुके म्हणून पश्चिम आणि वायव्येकडचे काटोल, नरखेड, कळमेश्वर आणि सावनेर रंगवले आहेत" हे उपयोगाचं. चित्रात रंगाने काही सांगितलं असेल तर ऑल्टमध्ये रंगाचं नाव नको, रंगाचा अर्थ हवा. उलट काही नकाशे शब्दांत फार सुरेख बसतात. आपल्या मेट्रोचा घ्या: "मेट्रोचे दोन मार्ग. ऑरेंज लाइन उत्तरेच्या ऑटोमोटिव्ह चौकापासून दक्षिणेला खापरीपर्यंत, ॲक्वा लाइन पूर्वेच्या प्रजापती नगरपासून पश्चिमेला लोकमान्य नगरपर्यंत. दोन्ही सीताबर्डीला एकमेकींना छेदतात. गाडी बदलायची तिथेच." सरांना हे वाचून दाखवलं तेव्हा ते क्षणभर गप्प होते. मग म्हणाले, "अधिक चिन्ह आहे म्हणा ना." इतकी वर्षं ते मेट्रोने जात होते, पण नकाशाचा आकार त्यांना कुणी सांगितलाच नव्हता.

माणसांचे फोटो असतील तर कोण, काय करताहेत, आणि प्रसंगाशी संबंध असेल तेवढंच. दीक्षाभूमीवरच्या गर्दीच्या फोटोला "खूप लोक" असं लिहिणं म्हणजे न लिहिल्यासारखं. "पांढऱ्या स्तूपासमोर पायऱ्यांपर्यंत दाटलेली माणसं, अनेकांच्या हातात निळे झेंडे" असं लिहिलं तर ऐकणाऱ्याला तो दिवस जाणवतो. मजकुरात फोटोखाली ओळ आधीच असेल, तर तीच ओळ ऑल्टमध्ये पुन्हा टाकू नये. ऐकणाऱ्याला तेच वाक्य दोनदा ऐकावं लागतं.

बोधचिन्हाला संस्थेचं नाव पुरतं. सहीच्या चित्राला "सही" आणि हुद्दा. पैसे भरायचा क्यूआर कोड असेल तर ऑल्टमध्ये "यूपीआय क्यूआर कोड" लिहा, पण यूपीआय आयडी उघड मजकुरात द्या, म्हणजे तो कॉपी करता येईल.

लिहिताना आणखी एक सवय लावून घ्यावी लागते. "या चित्रात" किंवा "फोटोमध्ये" असं सुरू करायचं नाही, कारण आवाजाने आधीच ग्राफिक म्हटलेलं असतं. एक-दोन वाक्यं, शेवटी पूर्णविराम. पूर्णविराम नसेल तर आवाज न थांबता पुढच्या परिच्छेदात घुसतो आणि चित्राचं वर्णन कुठे संपलं ते कळत नाही.

आता मराठीची अडचण, जी परदेशातल्या कुठल्या मार्गदर्शिकेत सापडणार नाही आणि मला सगळ्यात जास्त छळते. आपल्या डीटीपीच्या दुकानांत, छापखान्यांत, कित्येक ऑफिसांतही अजून श्रीलिपी, कृतिदेव असे जुने फॉन्ट चालतात. त्यात पडद्यावर मराठी दिसतं, पण फाइलच्या पोटात रोमन अक्षरं असतात. फॉन्टने फक्त त्यांना देवनागरीचा मुखवटा चढवलेला असतो. कृतिदेवात टाइप केलेलं नागपूर आवाजाला दिसतं ते यू, के, एक्स, आय, डब्ल्यू, जे असं. अख्खं पान असंच. सरांनी मला एका जुन्या स्मरणिकेची पीडीएफ ऐकवली तेव्हा दोन ओळींतच मी त्यांना बंद करायला सांगितलं. स्मरणिकेत त्यांच्याच शाळेचा इतिहास होता.

ऑल्टच्या चौकटीत तर हा मुखवटाही चढत नाही. तिथे फॉन्ट निवडता येत नाही. जुन्या फॉन्टच्या सवयीने कुणी तिथे टाइप केलं तर पडद्यावरही रोमन कचराच दिसतो, आणि मग ऑपरेटर कंटाळून इंग्रजीत दोन शब्द टाकून मोकळा होतो. यावर उपाय एकच, युनिकोड, म्हणजे फाइलच्या पोटातही देवनागरी अक्षर देवनागरी म्हणूनच नोंदवणारी पद्धत. मंगल, कोकिळा, नोटो, मुक्त, फॉन्ट कुठलाही घ्या, पण युनिकोड. जुन्या फाइली बदलून देणारे कन्व्हर्टर आहेत. रफार आणि जोडाक्षरं एकदा डोळ्याखालून घालावी लागतात, पण काम होतं.

दुसरी खोड कर्व्हची. छापखान्याला फाइल पाठवताना फॉन्ट बिघडू नये म्हणून कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळा मजकूर कर्व्ह करतात. छपाईसाठी ते बरोबर आहे, मीही करतो. पण कर्व्ह केल्यावर ती अक्षरं उरत नाहीत, नुसते आकार होतात. तीच फाइल पुढे व्हॉट्सॲपवर सूचना म्हणून फिरते आणि सरांच्या फोनवर ती मुकी असते. छपाईची पीडीएफ वेगळी आणि वाचायची पीडीएफ वेगळी काढायला पाच मिनिटं जास्त लागतात. मी आता दोन्ही काढूनच देतो, गिऱ्हाईकाने मागितली नसली तरी.

तिसरी, सही-शिक्क्याची. पत्र टाइप करायचं, प्रिंट काढायची, सही करायची, शिक्का मारायचा, मग स्कॅन करून पीडीएफ. अख्खं पान एकच चित्र. याला ऑल्ट देऊन भागत नाही. पूर्ण परिपत्रक एका चिठ्ठीत कसं मावेल? सही केलेला स्कॅन हवाच असेल तर ठेवा, पण सोबत मूळ वर्ड फाइलवरून काढलेली, टॅग असलेली पीडीएफही द्या. मूळ फाइल त्याच कॉम्प्युटरवर असते. ती पाठवायचं फक्त सुचत नाही.

आणि भाषा. पीडीएफमध्ये दस्तऐवजाची भाषा कोणती याची एक नोंद असते. ती मराठी असेल तर आवाज मराठी लावला जातो. एनव्हीडीएबरोबर येणाऱ्या ई-स्पीक आवाजात मराठी आहे. थोडा यंत्रासारखा वाटतो, पण सरांना त्याची सवय आहे आणि तो वेगात ऐकता येतो. नोंद इंग्रजीची राहिली आणि वाचकाकडचा आवाज देवनागरी जाणत नसला, तर तुमचा सुंदर ऑल्ट शांतपणे गाळला जाऊ शकतो. वर्डमध्ये सगळा मजकूर निवडून प्रूफिंगची भाषा मराठी करणं, एवढंच करायचं असतं.

करायचं कसं, ते आता पटकन. वर्डमध्ये चित्रावर उजवी क्लिक करा, ऑल्ट टेक्स्ट निवडा, बाजूला चौकट उघडते, तिथे लिहा. शोभेचं चित्र असेल तर तिथेच मार्क ॲज डेकोरेटिव्हवर खूण करा. चित्र इन लाइन विथ टेक्स्ट ठेवा, म्हणजे वाचताना ते आपल्या परिच्छेदाजवळच येतं, पानाच्या शेवटी जाऊन पडत नाही. चौकटीत आधीपासून काही लिहिलेलं दिसलं तर आनंदून जाऊ नका. वर्ड कधी स्वतःच इंग्रजीत काहीतरी अंदाज लिहून ठेवतं, आणि कधी तिथे फाइलचं नाव येऊन बसतं. यंत्राकडून वर्णन लिहून घेणं आता सोपं झालं आहे आणि शंभर चित्रांच्या फाइलला कच्चा खर्डा म्हणून त्याचा उपयोग होतो. पण मिठाच्या चमच्याचं चित्र पाहून यंत्र पांढऱ्या पुडीचा चमचा असं काहीतरी सांगेल; ते मीठ आहे आणि अर्धाच चमचा घ्यायचा आहे, हे त्या पुस्तिकेचं काम जाणणारा माणूसच लिहू शकतो.

मग पीडीएफ काढताना, आणि सगळी मेहनत वाया जाते ती नेमकी इथे, प्रिंट टू पीडीएफ वापरू नका. प्रिंट म्हणजे कागदाची नक्कल. त्यात टॅग सहसा जात नाहीत, त्यामुळे ऑल्टही जात नाही. सेव्ह ॲज करून पीडीएफ निवडा, ऑप्शन्स उघडा आणि डॉक्युमेंट स्ट्रक्चर टॅग्ज फॉर ॲक्सेसिबिलिटी या ओळीवर खूण आहे ना ते पाहा. लिब्रेऑफिस फुकट आहे आणि या कामात मागे नाही: पीडीएफ एक्स्पोर्ट करताना युनिव्हर्सल ॲक्सेसिबिलिटीची खूण करायची. इनडिझाइनमध्ये चित्र निवडून ऑब्जेक्ट एक्स्पोर्ट ऑप्शन्समध्ये ऑल्ट लिहायचा, आणि एक्स्पोर्टच्या वेळी क्रिएट टॅग्ड पीडीएफ चालू ठेवायचं. मूळ फाइल हरवलेली असेल तर ॲक्रोबॅट प्रोमध्ये तयार पीडीएफला टॅग आणि ऑल्ट जोडता येतात, पण ते विहीर खणल्यावर पायऱ्या बांधण्यासारखं जिकिरीचं काम आहे.

तपासायला पॅक नावाचं फुकट सॉफ्टवेअर विंडोजवर चालतं. सगळ्यांना वाचता येणाऱ्या पीडीएफसाठी २०१२ मध्ये आलेल्या पीडीएफ/यूए या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे ते फाइल तपासून कुठल्या चित्राला ऑल्ट नाही ते दाखवतं. मात्र ते फक्त ऑल्ट आहे की नाही हे पाहतं, त्यात अर्थ आहे की नाही हे त्याला कळत नाही. "चित्र १" असा ऑल्ट दिला तरी ते पास करतं. म्हणून एनव्हीडीए उतरवून घ्या, तेही फुकट आहे, आणि पडद्याकडे पाठ करून आपलीच पीडीएफ ऐका. डोळे मिटून नाही, पाठ करून. मिटलेले डोळे मधेच उघडतात.

कायदा काय म्हणतो, असं संस्थावाले विचारतात, म्हणून तेही सांगतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४२ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक माध्यमांतला मजकूर दिव्यांगांना वापरता येईल अशा स्वरूपात असावा, यासाठी शासनाने पावलं उचलायची आहेत. आयएस १७८०२ हे त्यासाठीचं भारतीय मानक आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या अधिनियमाखालचा सुलभतेचा नियम नुसता शिफारशीच्या स्वरूपाचा राहू शकत नाही, किमान निकष सक्तीचे करा, असं सांगितलं. आणि ३० एप्रिल २०२५ च्या निकालात डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. २०११ च्या जनगणनेत देशात दृष्टिदोष असलेल्या व्यक्ती ५० लाखांवर नोंदवल्या गेल्या. आमच्या गल्लीत एक आहेत, आणि माझं काम त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं.

उन्हाळ्याच्या पुस्तिकेवर मी परत बसलो. कडुलिंबाखालच्या माठाचं चित्र, सूर्याचं चित्र, कोपऱ्यातले टरबूज, सगळं सजावट म्हणून नोंदवलं. उष्माघात झालेल्या माणसाच्या चित्राला ऑल्ट लिहिला: "सावलीत आडवा झोपवलेला माणूस, एक जण त्याच्या मानेवर आणि काखेत ओलं फडकं ठेवतो आहे, दुसरी वर्तमानपत्राने वारा घालते आहे." त्याखालच्या १०८ क्रमांकाच्या चित्राला क्रमांकच. आणि जलसंजीवनीच्या तीन चित्रांना: "एक लिटर पाणी." "सहा चमचे साखर." "अर्धा चमचा मीठ."

सरांनी ते पान दोनदा ऐकलं. मग विचारलं, "चमचा कसा, शिगोशिग की सपाट? मिठात फरक पडते, भाऊ."

चित्रात चमचा सपाटच होता. वरून सुरी फिरवावी तशी सरळ रेघ मी मुद्दाम काढली होती, कारण संस्थेच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. डोळ्यांना ते दिसत होतं म्हणून शब्दांत लिहायचं माझ्याकडून राहून गेलं होतं. आणि बोलताना लक्षात आलं की ही माहिती चिठ्ठीत लपवून ठेवायचीच कशाला. जो ऐकतो त्यालाही ती हवी आहे आणि ज्याच्या घरी पुस्तिकेची धूसर काळी-पांढरी झेरॉक्स पोचते त्यालाही. आता ती तीन चित्रं सजावट म्हणून नोंदवलेली आहेत, आणि त्यांच्याखाली सगळ्यांना दिसेल, सगळ्यांना ऐकू येईल असं लिहिलं आहे: "एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चहाचा चमचा मीठ. साखर आणि मीठ पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा. हे पाणी २४ तासांच्या आत संपवा."